पवन, तुझी कमाई

पवन, तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फार हळू आवाजात बोलायला लागलेत. सुलतानपूरच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यातच आवाज खाली करतो. "लय सोसलं पोरानं," एवढं बोलतो आणि चहाच्या कपात बघत बसतो. मला ते सहन होत नाही. अरे, ज्याचा आवाज कर्ण्यातून चार गावांच्या शिवारात जायचा, त्याच्याबद्दल कुजबुजायचं कशाला? सोसलंस हे खरंच. पण तू तेवढाच नव्हतास. म्हणून मी ठरवलं की तुझ्याशी आपण मोठ्यानंच बोलायचं. मेहकरच्या दुकानात बसलोय, समोर दोन ॲम्प्लिफायर उघडून ठेवलेत, गिऱ्हाईकाचा दोनदा फोन येऊन गेला, आणि मी कामधंदा सोडून तुला लिहितोय. सांगायला इतकं आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही.

तुझ्या ताईला बघायला आलो होतो, तिथूनच करतो.

पोहे यायच्या आधी तू आलास. दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, पायात मऊ कापडाचे जोडे, गालावर एक ताजा फोड. माझ्या मामांनी नजर खाली घातली. तू समोरच्या खाटेवर सावकाश टेकलास आणि म्हणालास, "पाव्हणे, पहिले मले पाहून घ्या. ताईले मंग पाहा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आतापर्यंत जे आले ते पोहे खाऊन, ताईले पाहून, मंग मले पाहून उठून गेले. तिचा जीव खाली-वर होते. म्हणून म्हटलं, या बारीले मीच पहिले येतो."

मग तू तुझा आजार सांगितलास. एपिडर्मोलिसिस बुलोसा. एवढं लांब नाव तू न अडखळता घेतलंस आणि म्हणालास, "नाव मोठं आहे, पण समजायले सोपं आहे. माही कातडी आंगाले धरून राहत नाही. घासलं का फोड, फोड फुटला का जखम. जन्मापासून आहे. याच्यापासून त्याले होत नाही, म्हणून बिनधास्त जवळ बसा."

मामांनी काळजीनं विचारलं, "औषध काय याले?"

"औषध नाही मामा. खर्च आहे."

मला हसू आवरलं नाही. तूही हसलास. तुझी ताई, ज्योती, तोवर आतच होती. खरं सांगायचं तर मी होकार त्याच क्षणी ठरवला, तिला बघायच्या आधी. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

खर्च म्हणजे काय, ते मला लग्नानंतर कळलं. मला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल, महागडी गोळी असेल. तसं काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात ज्या गोष्टी फुकट असतात, त्या तुमच्या घरात विकत घ्याव्या लागत होत्या, एवढंच. झोप विकत. रफिकचाचा वर्षातून कितीदा तरी येऊन तुझ्या गादीचा कापूस पिंजून द्यायचे, कारण एक गुठळी राहिली तरी सकाळी पाठीवर फोड. जेवण विकत, कारण घसा आतून आवळलेला, पोळी उतरायची नाही; मग दूध, अंडी, डब्यातली पावडर. वारा विकत. आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे, घामानं तुझी कातडी सुटायची, म्हणून कुलर दिवसरात्र चालायचा आणि बिल बघून बाबा अंगणात जाऊन उभे राहायचे. दवाखान्यात जायचं तर एसटीचे धक्के चालत नाहीत, गाडी ठरवावी लागायची. डॉक्टरच्या फीपेक्षा गाडीचं भाडं जास्त.

आणि पट्ट्या. जखमेला न चिकटणारी ती मऊ पट्टी मुंबईहून यायची. आई ती फक्त तळहात, गुडघे आणि टाचांना लावायची. बाकीच्या अंगाला साधी जाळीची पट्टी, मलम आणि जुन्या सुती लुगड्याचे उकळून वाळवलेले तुकडे. साधी पट्टी सकाळी सोडवताना कोमट पाणी ओतत बसायची आई, पट्टी आपणहून सुटेपर्यंत. तू तेव्हा डोळे मिटून रेडिओवरच्या निवेदकाची नक्कल करत राहायचास. विम्याचा माणूस एकदा आला होता. जन्मजात आजाराला आमच्याकडे काही नाही, असं सांगून चहा पिऊन गेला. सोयाबीन विकलं की बाबा मेहकरच्या बाजारातून आधी औषधाच्या दुकानात जायचे आणि मग घरी. रिकाम्या हातानं नव्हे, खोके घेऊन. पण खिसा रिकामा झालाय, हे आईला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

एकदा गावातल्या पोरांनी सुचवलं की तुझा व्हिडिओ काढू, जखमा दाखवू, लोक पैसे पाठवतील. पोरं चांगल्या मनाची होती. मलाही पटलं होतं. तू मात्र भडकलास.

"भाऊजी, जखमा दाखवून किती दिवस पैसे मांगू? जखमा तर रोजच्या आहेत."

"मग काय करणार?"

"काम करीन."

"कोणतं?"

तू बी.ए. झाला होतास. दोन दुकानांत विचारून आला होतास आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक घाबरेल म्हणून नाही म्हटलं होतं. तो प्रश्न मी विचारायला नको होता, असं मला वाटत होतं, पण पुढं त्याचं उत्तर माझ्याच दुकानातून निघालं!

सुलतानपूरच्या टेनिस बॉल सामन्यांना माझा साउंड होता. कॉमेंट्री करणारा माणूस आला नाही. आयोजक वैतागलेले, दोन्ही संघ मैदानात, लोक शिट्ट्या मारतायत. तू माझ्या पिकअपमध्ये गादीवर बसून सामना बघायला आलेला. मला म्हणालास, "भाऊजी, माइक स्टँडले लावा अन् माह्या तोंडापुढं आणा. हातात नाही धरता येत मले."

मी लावला. माइकची जाळी ओठाला घासू नये म्हणून वर फोमचा तुकडा बांधला. आणि तू सुरू झालास. आजही अंगावर काटा येतो, पवन!

"अन् हा आला बावा बॉलर, लांबून येऊन राह्यला, लय लांबून, घरून निघाला होता का काय कोण जाणे! टाकला... अन् मारला! उच, उच, उच... खाली कोन आहे? खाली कोनीच नाही! गेला बॉल तुरीत! मंडळी, बॉल सापडेपर्यंत शेतमालकाची माफी मांगून घेऊ. काका, तुरीचं नुकसान नाही करत, फक्त बॉल पाहून राह्यले पोट्टे!"

अख्खं मैदान हसत होतं. बॅट्समनला षटकार मारण्यापेक्षा तू आता काय म्हणतोस याची जास्त उत्सुकता. बाद झालेला गडी बाहेर जाताना तुझ्या गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "भाऊ, मले अजून एक डाव बोल ना." तुझ्याकडे पाठ करून बसलेले लोक तुझ्या पट्ट्या विसरले होते. खरं म्हणजे त्यांना त्या दिसतच नव्हत्या, ते मैदानाकडे बघत होते, आणि मैदान तुझ्या तोंडून त्यांना दिसत होतं.

संध्याकाळी आयोजकांनी तुझ्या हातावर पाकीट ठेवलं. तू पट्टी बांधलेल्या दोन तळव्यांमध्ये ते धरून घरी नेलंस. आईनं देवापुढं ठेवलं. बाबा म्हणाले, "पट्ट्यायचं खोकं आणू याचं."

तू म्हणालास, "नाही. हे जमा करून ठेवा. मले एका गोष्टीसाठी पाह्यजेत."

कोणती गोष्ट, ते तू बरेच दिवस सांगितलं नाहीस.

काय दोन-तीन वर्षं गेली रे ती! दिवाळी झाली की बोलावणी सुरू. मेहकर, लोणारकडची गावं, एकदा तर थेट खामगाव. मी पिकअपमध्ये रफिकचाचांकडून खास बैठक करून घेतली. चाचांनी मजुरी घेतली नाही, म्हणाले, "पवनमियाँ आमच्या मोहल्ल्याच्या टीमबद्दल जरा चांगलं बोलजो, बस." तू दुसऱ्याच सामन्यात त्यांच्या टीमच्या विकेटकीपरला "जाळी नसलेली खिडकी" म्हणालास. चाचा आठवडाभर रुसले आणि ते सांगताना स्वतःच हसत सुटायचे. तोंडात फोड आले की तुझा आवाज बंद व्हायचा. तेव्हा तू थंड दूध पीत बसायचास आणि आयोजकांना मीच सांगायचो की आज जमणार नाही. तेवढे दिवस सोडले तर तू मैदानावर नाहीस असा रविवार नसायचा.

मग तुझी ती गोष्ट बाहेर आली.

लग्नाला काही वर्षं झाली तरी ज्योतीला आणि मला मूल नव्हतं. होत नव्हतं असं नाही. आम्हीच थांबलो होतो. ज्योती तुझ्या पट्ट्या बांधत मोठी झालेली. तिला भीती होती आणि ती कुणाला सांगत नव्हती; तू मात्र ती पहिल्यापासून ओळखून होतास. एका लग्नात कुणी बाई तिला काहीबाही बोलली, ते तुझ्या कानावर गेलं. पुढच्या वेळी तपासणीला शहरात गेलास तेव्हा तू स्वतःच कातडीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "ताईच्या लेकराले हे होईन का?"

त्यांनी तुला सगळं समजावलं. तुझ्या प्रकारचा हा आजार तेव्हाच येतो जेव्हा आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात तो दोष असतो. तुझे आई-बाबा नात्यातलेच, मामेभाऊ-आतेबहीण. तसा दोष ज्योतीत असू शकतो. माझ्यात आहे का, ते तपासावं लागेल. आधी तुझं रक्त, मग तिचं, मग माझं. तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत होते आणि महाग असते.

तू घरी आलास आणि म्हणालास, "माह्या कॉमेंट्रीचे पैसे याच्यासाठीच आहेत."

आपलं मोठं भांडण झालं ते तेव्हा. तुझ्या टाचेवरची जखम बरी होत नव्हती, तुला चांगल्या पट्ट्या हव्या होत्या, आणि तू तुझी सगळी कमाई आमच्या रक्तावर घालायला निघालेला. मी म्हटलं, "तुझा पैसा मला नको. आणि समजा, तुझ्यासारखं पोर आलं, तर काय बिघडलं? तू काय वाईट आहेस?"

"मी वाईट नाही भाऊजी," तू म्हणालास. "मी महाग आहो."

तू तेवढ्यावर थांबला नाहीस.

"आलं माह्यासारखं तर येऊ द्या. मी शिकवीन त्याले. पण मायले पहिले माहीत पाह्यजे. माह्या मायले माहीत नव्हतं. मी जन्मलो तवा तिच्यापाशी एक पट्टी नव्हती का एक रुपाया नव्हता. सारं तिले एका दिवसात शिका लागलं. ताईवर तो दिवस नको."

तुझं म्हणणं बरोबर होतं, तरी 'महाग' हा शब्द मला पटलेला नाही. भेटलास तर पुन्हा भांडेन.

मी अडून बसलो. मग तू काय केलंस? मेहकरच्या फायनलला, भर मैदानात, माझ्याच कर्ण्यावरून जाहीर केलंस, "मंडळी, ब्रेकमध्ये एक महत्त्वाची सूचना. आमचे साउंडवाले भाऊजी एवढे मोठे डबे डोक्यावर उचलतात, पण सुईले भेतात! एक चमचाभर रक्त द्या म्हटलं तर चार महिने झाले, पळून राह्यले. त्यायच्यासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या! शिट्ट्या! दोन्ही संघांचे गडी माझ्याकडे बोट दाखवतायत. मी वायर गुंडाळता गुंडाळता उभा. एक म्हातारबुवा येऊन म्हणाले, "काऊन भेतो बे? मुंगी चावल्यावानी वाटते." माइक बंद करायचा तर बटण माझ्या हातात होतं, पण हसून हसून माझा हात चालेना. दुसऱ्या दिवशी ज्योती आणि मी तुझ्यासोबत गाडीत बसलो.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फोन तुलाच केला. तू मला केलास. मी एका मंडपात शिडीवर चढलेलो. तू 'हॅलो' सुद्धा म्हणाला नाहीस. "थर्ड अंपायरचा निकाल आला मंडळी! ताईत आहे... भाऊजीत नाही! भाऊजीत नाही! नॉट आउट!" मी शिडीवरच ओरडलो. खाली मंडपवाल्यांना वाटलं मला करंट बसला.

ज्योतीला दिवस गेले आणि तू रोज फोन करायला लागलास. बाळ हललं की ती तुला सांगायची आणि तू लगेच सुरू, "अन् ही मारली लाथ, थर्ड मॅनले! फिल्डर झोपलेला! ताई, फिल्डरले उठव!" ज्योती पोट धरून हसायची. टाचेच्या जखमेत कॅन्सर वाढतोय, हे तोवर कळलं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. त्यानंतरच्या पट्ट्या, गाडी, खाणंपिणं योजनेत नव्हतं. ते बाबांनी, मी, रफिकचाचांनी, आणि तुझ्या कॉमेंट्रीवर बाद झालेल्या कितीतरी पोरांनी मिळून भागवलं. यावेळी तू नाही म्हणाला नाहीस. "हे मदत नाही," म्हणालास, "हे माह्या थकलेल्या मानधनाचं व्याज आहे." आणि तरीही ते दुखणं पुढं सरकत गेलं. दुपारी, आपल्या घरात, कुलरसमोर तू गेलास. शेवटचं वाक्य वगैरे काही नव्हतं. तू दूध मागितलं होतंस, आई ते थंड करत होती.

मी त्यावर जास्त लिहिणार नाही. तुला जाऊन दीड महिना झाला. तुला लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

पवन, ज्योतीला मुलगी झाली!

मेहकरच्या दवाखान्यात, सकाळी. तुझी आई सोबत होती. मी दाराबाहेर. आधी बाळाचा आवाज आला आणि लगेच आईची किंकाळी, "हळू वो बाई, हळू! चोळू नको!" मी दार ढकलून आत शिरलो. नर्सबाई टॉवेलनं बाळाला खसाखसा पुसत होत्या, जसं सगळ्या बाळांना पुसतात तसं. आईनं त्यांचा हात धरला होता. तू जन्मलास तेव्हा नर्सनं तुला घोट्याला धरून उचललं आणि कातडी तिच्या हातात आली, हे आईनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, तिथंच उभ्या उभ्या.

नर्सबाई चांगल्या होत्या. त्यांनी आईचा हात सोडवला नाही. म्हणाल्या, "आजी, तुम्हीच पाहा ना. कुठं काही झालं का?"

आईनं बाळाचे घोटे पाहिले. मनगटं पाहिली. कानामागं पाहिलं, काखा पाहिल्या. मग अंगठ्यानं बाळाच्या मांडीवर एकदा घासलं. थांबली. पुन्हा जरा जोरात घासलं. तिथं लाल झालं आणि बघता बघता ते निवळलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं जिनं आपल्या पोराला फक्त तळव्यांवर अलगद पेललं, त्या बाईनं नातीला दोन्ही काखांत हात घालून सरळ वर उचललं. पोरगी हवेत लटकत रडत होती आणि आई हसत होती, रडत होती, आणि ज्योतीला म्हणत होती, "पाह्य ज्योते, पाह्य! काहीच नाही होऊन राह्यलं!"

आता घरी आलोत. रोज सकाळी मालिश असते. तुझी आई पाटावर बसते, पायांवर पोरीला आडवी घेते आणि काय चोळते म्हणून सांगू! हात, पाय, पाठ, पुन्हा पाठ. पोरगी गल्ली डोक्यावर घेते. पहिल्या दिवशी मला विचारलं, "जवाईबापू, लय जोरात तर नाही चोळून राह्यले ना मी?" मी म्हटलं, "चोळा." ज्योती दारात बसून नुसती बघत असते. बाबा कामाचं निमित्त काढून सुलतानपूरहून येतात आणि तेही बघत बसतात.

आज सकाळी तेल संपलं. बघता बघता बाटली रिकामी. आई म्हणाली, "जवाईबापू, दुसरं आना. आंग अर्धंच झालं पोरीचं." मी चप्पल न घालताच पळालो. औषधाचं दुकान तेच, जिथं बाबा सोयाबीन विकून जायचे. दुकानदारानं मला बघितलं आणि सवयीनं पट्ट्यांच्या फळीकडे वळला. मग थबकला, आठवलं असणार. खाली बघून हळूच विचारलं, "काय देऊ?"

मी मोठ्यानं म्हणालो, "पोरीच्या मालिशचं तेल द्या."

त्यानं मान वर केली. "पोट्टी झाली? अरे वा! छोटी बाटली देऊ का मोठी?"

पवन, मी मोठी घेतली.